पाटीवरचं दुसरं फडकं

माझ्या पाटीवर दोन फडकी असायची. खालचं ओलं, ते मासळीसाठी. वरचं कोरडं, ते लोकांसाठी. ओल्या फडक्याने मासा टिकतो हे कुणालाही कळतं. कोरडं कशाला, असं नवीन गिऱ्हाईक विचारायचं. मी सांगायचे, माश्या बसतात. खरं कारण वेगळं होतं. पहिल्या मजल्यावरचीने काय घेतलं ते दुसऱ्या मजल्यावरचीला पाटीत डोकावून कळू नये, म्हणून ते फडकं.

डोकावायच्या सगळ्याच. मासा बघायच्या आधी पाटीतली रिकामी जागा बघायच्या.

"काय गो जानू, पापलेटं होती वाटतं इथे? कोणी उचलली?"

"मांजराने," मी म्हणायचे.

गिरगावात चाळीस वर्षं मी दारोदार मासे विकले. शिक्षण म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत. हा अंक काढणाऱ्या बाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "जानूबाई, आपली खासगी माहिती कशी जपावी, यावर तुम्ही लिहा." मी म्हटलं, मला फोनमधलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच लिहा." यात त्यांनी माझी लायकी काढली की कौतुक केलं, ते मी विचारलं नाही. लिहायला बसले.

आधी धंदा सांगते. पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायचा, नऊच्या आत गिरगाव गाठायचं. जिना चढायचा, दारासमोर पाटी उतरवायची, तिथेच बसून मासा कापून साफ करून पातेल्यात घालायचा आणि पुढच्या दाराला जायचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, हा माझा नियम. एक तर पायाला पाणी असतं, वास असतो. दुसरं म्हणजे आत काय आहे ते बघितलंच नाही तर लपवायची कटकट नाही.

तरी माशावरून घर कळतंच. मोरी मासा मागितला की समजावं, घरात बाळंतीण आहे. दूध यावं म्हणून तिला देतात. सुकट एकदम बंद झाली की डॉक्टरने मीठ तोडलं. रोज घेणाऱ्या घराने तीन दिवस दार उघडलं नाही तर सुतक, नाहीतर भांडण. भांडण असेल तर चौथ्या दिवशी नवरा स्वतः पातेलं घेऊन बाहेर येतो आणि चुकीचा मासा घेतो. एका घरात सुनेला दिवस गेलेत हे सासूच्या आधी मला कळलं. जिच्यासाठी मी मुद्दाम मांदेली आणायचे, तीच मुलगी पाटी उघडताच नाकाला पदर लावून आत पळाली. मी फडकं टाकलं आणि खाली उतरले. सासूला कळायला पुढे पंधरा दिवस लागले. मला पेढा दिला तेव्हा मी तोंडाचा आ केला. तोंडाचा आ करता येणं हा आमचा निम्मा धंदा आहे.

लग्न जुळवायच्या दिवसांत चौकशीला माणसं यायची. आधी वाण्याकडे, मग इस्त्रीवाल्याकडे, मग माझ्याकडे.

"मावशी, त्या चौदा नंबरवाल्यांचं घर कसं आहे हो?"

"मासे ताजे घेतात."

"नाही, म्हणजे मुलगा कसा आहे?"

"काटे काढून खातो."

याच्या पलीकडे मी कधी गेले नाही. माणसं चिडायची. एकदा मात्र मला ठाऊक होतं. तो मुलगा सकाळी नऊला दार उघडायचा तेव्हा त्याच्या तोंडाचा वास माझ्या पाटीला भारी पडायचा. मुलीची मावशी विचारायला आली. तिलाही मी तेच सांगितलं, मासे ताजे घेतात. मुलगी वर्षाच्या आत माहेरी परत गेली. फडकं कसं टाकायचं ते मला येत होतं. कधी उचलायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या मावशीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. एवढं सांगून पुढे जाते.

आता कमलताई. त्या पाठारे प्रभू. प्रभूंच्या दारात मासा विकणं ही परीक्षा असते, आणि कमलताई तर शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी कधी आहे तो मासा मुकाट्याने घेतला नाही. कल्ला उचलून आतला लाल रंग बघणार, पोट दाबणार, डोळ्यात डोळा घालून बघणार.

"जानू, हा काल समुद्रात होता की परवा?"

"आज पहाटे होता, ताई."

"पहाटे तुझ्या पाटीत होता. समुद्रात कधी होता ते विचारतेय."

नवरा गेला, मुलगा कॅनडाला. त्या एकट्या. पण दर बुधवारी वरच्या मजल्यावरचे आप्पा यायचे. आप्पांचं घर कडक शाकाहारी. बायकोला सांगायचं की वाचनालयात पेपर वाचायला जातो, आणि उतरायचं एकच मजला. तिथे सहा तळलेले बोंबील आणि शब्दकोडं. दुसरं काही नव्हतं. असतं तर मला कळलं असतं. मंगळवारी आप्पा मला जिन्यात गाठायचे, इकडेतिकडे बघून म्हणायचे, "उद्याचं लक्षात आहे ना? आमच्या हिला कळता कामा नये."

आणि ही, म्हणजे काकू, दर वर्षी श्रावण संपला की मला फोन करायच्या. "जानूबाई, या बुधवारी बोंबील दोन जास्त आणा. महिनाभर उपाशी आहेत हो ते. पण त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून."

मी आप्पांचं काकूंना सांगितलं नाही, काकूंचं आप्पांना सांगितलं नाही. आठ बोंबील आणायचे. आप्पा म्हणायचे, "वा, आज तू सढळ हाताने दिलेस." मी तोंडाचा आ करायचे.

मग बिल्डिंग पाडून टॉवर झाला. कमलताई अकराव्यावर गेल्या, आप्पा बाराव्यावर. आणि खाली गेटवर एक फोन ठेवला, त्यात नाव लिहिल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. वॉचमन नवीन होता.

"मावशी, नाव? नंबर? आधार? इकडे बघा, फोटो."

"चाळीस वर्षं येतेय मी इथे. तू कधीपासून येतोस?"

"गेल्या सोमवारपासून. जन्मतारीख?"

"एक जून."

"माझीपण एक जून," तो म्हणाला.

असणारच. आई सांगायची, मी नारळी पुनवेच्या चार दिवस आधी जन्मले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या सगळ्यांना एक जून लावली. म्हणून माझी जन्मतारीख चोरीला जाईल याची मला कधी भीती वाटली नाही. ती माझी नाहीच, मास्तरांची आहे.

कामाचं कारण या खान्यात त्याला 'मासे' असं सापडेना. त्याने 'कुरिअर' लिहिलं. आणि वास येतो म्हणून मला सामानाच्या लिफ्टने वर पाठवलं. एका गोष्टीचं मला हसू आलं. या बिल्डिंगीतल्या साऱ्या घरांचं मला माहीत होतं आणि ते मी कधी कुठे लिहिलं नव्हतं. माझं यांना काही नको होतं आणि सगळं लिहून घेत होते.

पुढे गुडघे गेले. सून, वैशाली तिचं नाव, म्हणाली, "आई, डोक्यावर पाटी किती दिवस घेणार? तुमच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप करते. रात्री ऑर्डर घ्यायची, सकाळी घरीच मासे साफ करून बर्फाच्या डब्यातून पोचवायचे." तिने माझ्या फोनमधले होते नव्हते ते सगळे नंबर त्यात घातले. अडतीस घरं. ग्रुपचं नाव 'जानूबाईंची ताजी मासळी', वर माझा फोटो. मी फुगले. मीच तिला म्हटलं, टॉवरच्या गेटवर आणि नाक्यावरच्या दुकानात ते चौकोनी काळं-पांढरं चित्र लाव, फोन धरला की माणूस ग्रुपात येतो तसलं. चार गिऱ्हाइकं वाढतील. चाळीस वर्षं फडकं सांभाळणारी बाई, आणि फडकं काढून पाटी नाक्यावर मांडली ती मीच.

त्या ग्रुपात लोक काय काय लिहायचे! पातेलं पुढे करताना जे कुणी बोललं नसतं, ते सगळं.

"शनिवारी आम्ही सगळे गावाला, मासे नकोत. रविवारी परत."

"बाबांची साखर वाढली आहे, कोळंबी चालेल का?"

"वॉचमनकडे किल्ली ठेवली आहे, दार उघडून फ्रीजमध्ये ठेवा."

आणि कमलताई, शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट: "जानू, मी एकटीच आहे, दोनच तुकडे दे. बुधवारी अकरा वाजता मला बँकेत मुदत ठेवीचं काम आहे, तेव्हा त्याआधी ये. आशीषचा कॅनडाहून फोन असतो तेव्हा दार वाजवू नकोस."

मी हे वाचायचे आणि मला वाटायचं, किती सोय झाली.

मग एका मंगळवारी आप्पांनी मला एकटीला पाठवायचं ते ग्रुपात पाठवलं. "जानूबाई, उद्या नेहमीप्रमाणे सहा बोंबील, कमलताईंकडे. आमच्या हिला कळता कामा नये."

सगळ्या ग्रुपाने वाचलं. ग्रुपात काकूही होत्या, कारण श्रावणातल्या फोनामुळे त्यांचा नंबर माझ्याकडे होता आणि वैशालीने तोही घातला होता. मग आप्पांच्या त्या ओळीखाली काकूंनी अंगठा टाकला. बरं आहे म्हणायला टाकतात तो.

आप्पा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी गेटवर उभी होते तेव्हा काकूंनीच मला गाठलं.

"जानूबाई, काय केलंत हे?"

"चुकलं, काकू. पण तुम्हाला तर ठाऊक होतं."

"मला वीस वर्षं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं की मला ठाऊक आहे. त्यावर आमचं बरं चाललं होतं. आता बुधवारी सकाळी दहापासून ते माझ्यासमोर बसलेले असतात. काय करू मी त्यांचं?"

कमलताईंनीही ऐकवलं, "तुझ्यापायी माझं शब्दकोडं अर्धं राहतं, जानू." म्हणजे बुधवारी त्या आता खरोखरच एकट्या असायच्या. आणि त्या एकट्या राहतात हे ज्याला कळायला नको त्याला ग्रुपातून कळलं होतं. ग्रुपात एक नंबर होता. नाव नाही, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. त्याने कधी साधा जवळासुद्धा मागवला नाही. बाजारात मासे न घेता जो नुसता उभा राहतो, त्याचा हात दुसऱ्याच्या खिशात असतो, हे मला लहानपणापासून माहीत. फोनमध्ये उभा होता म्हणून ओळखला नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या का चौथ्या बुधवारी मी सुरमई घेऊन अकराव्यावर गेले. कमलताईंसाठी मासा अख्खाच न्यायचे, कल्ला बघितल्याशिवाय त्या कापू द्यायच्या नाहीत. घंटा वाजवली. बराच वेळ कोणी आलं नाही. मग दार चार बोटं उघडलं, आतून साखळी लावलेली. कमलताईंचा अर्धा चेहरा दिसला.

"जानू, ठेव तिथेच बाहेर. जे असेल ते."

मला ऐकू आलं, पण पटलं नाही. "ताई, बघून तरी घ्या. कल्ला उघडून दाखवते."

"नको. असू दे."

मी तिथेच उभी राहिले. मनात आलं, आजारी असतील. नियम असा की दाराच्या आतलं विचारायचं नाही. मग मी एक खडा टाकून बघितला. "ताई, खरं सांगते, ही सुरमई कालची आहे."

"चालेल," त्या म्हणाल्या.

प्रभूंच्या घरात माणूस मेला तरी कालची सुरमई चालत नाही.

"साखळी काढा, ताई."

"नाही काढता येत. परवानगी नाही."

"कोणाची परवानगी? घर तुमचं आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार लोटायला लागल्या. मला त्या मुलीची मावशी आठवली, म्हणून असेल. मी बर्फाचा डबा तिरपा केला आणि आतलं सगळं मासळीचं पाणी त्या फटीतून आत सोडलं. पांढऱ्याशुभ्र लादीवरून लाल पाणी सरळ दिवाणखान्यात.

"जानू! माझी लादी!" कमलताई किंचाळल्या, साखळी काढली आणि फडकं आणायला आत पळाल्या. मी उंबरा ओलांडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला होता. त्यात खाकी कपड्यांतला एक माणूस, डोक्यावर टोपी, मागे झेंडा. शेजारी कमलताईंची वही. त्यांनी समास आखून त्याच्या सूचना उतरवून घेतल्या होत्या: कुणाशी बोलायचं नाही, फोन बंद करायचा नाही, दार उघडायचं नाही. अक्षर मोत्यासारखं. त्याने त्यांना सांगितलं होतं की तुमच्या नावाच्या पार्सलात नशेचा माल सापडलाय, तुम्ही अटकेत आहात, आणि ही अटक फोनवरच असते. पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष असलात तर परत मिळतील.

"ये औरत कौन है?" फोन ओरडला.

"मासेवाली आहे, साहेब," कमलताई उभ्या राहून म्हणाल्या. जन्मभर मुलांना बाकावर उभं केलं त्या बाई.

"ए, तुम! तुम भी जाँच में आ गयी. नाम बोलो, आधार नंबर बोलो."

"जन्मतारीख एक जून," मी म्हटलं. "लिही."

"आधार नंबर!"

"तो गेटवर दिलाय. वॉचमनकडून घे."

"तुम भी अरेस्ट हो!"

"बरं झालं. मग ये न्यायला. येताना सामानाच्या लिफ्टने ये, दुसऱ्या लिफ्टने मला सोडत नाहीत तर तुला कशाला सोडतील? आणि गेटवर फोटो काढतात, तो काढून घे. टोपी उतरवायला सांगतील."

"जानू, ते अधिकारी आहेत!" कमलताई हात जोडून म्हणाल्या. मला की त्याला, ते कळलं नाही.

तेवढ्यात फोन टिणटिणला. बँकेचा आकडा आला होता, ओटीपी म्हणतात तो. "मॅडम, जो नंबर आया वो पढ़िए. जल्दी," तो एकदम गोड बोलायला लागला. कमलताईंनी चष्मा लावला. विचारलं की उत्तर द्यायचं, खोटं बोलायचं नाही, हेच त्यांनी आयुष्यभर शिकवलं. तोंड उघडलं सुद्धा. मी फोन उचलला, बर्फाच्या डब्यात सुरमईच्या खाली घातला, वर माझं कोरडं फडकं टाकलं आणि झाकण लावलं.

आतून आवाज येत राहिला, "मॅडम? मॅडम?" मासा बोलतोय असं वाटत होतं. मग तोही थांबला.

"जानू," कमलताई हळूच म्हणाल्या, "तू पोलिसांना बर्फात घातलंस."

"बसा, ताई. मघाशी मी म्हटलं कालची सुरमई, तुम्ही म्हणालात चालेल. शुद्धीवर असतात तर म्हणाला असतात?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. "कालची आहे?"

"आजची आहे."

"मग कालची का म्हणालीस?"

"बघायला."

तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. सकाळी आठपासून त्या पाण्याचा घोटही न घेता फोनसमोर होत्या. बाथरूमला जातानाही परवानगी मागत होत्या.

मी बाराव्यावर काकूंना फोन लावला. काकू आणि आप्पा दोघेही धावत खाली आले. आप्पांनी आधी बँकेत फोन करून खातं गोठवलं, मग सरकारी नंबरावर तक्रार नोंदवली. बँकेत नोकरी केलेला माणूस, त्याला हे जमतं. काकू मासळीच्या पाण्यात पाय टाकत स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा केला. चातुर्मासात कांदा न शिवणारी बाई ती. बँकेतून उलटा फोन आला, काही गेलेलं नाही. कमलताईंचा आयुष्यभराचा ठेवा त्या एका आकड्यावर अडकला होता. चौकीतून आलेली पोलीस बाईही चांगली होती. तिने स्पष्ट सांगितलं, फोनवर अटक होत नाही, आणि बँकेचा आकडा खरा पोलीस कधी मागत नाही. मग तिने डबा उघडायला सांगितला, पुरावा म्हणून. फोन सुकला, चालूही झाला. वास गेला नाही.

चहा पिता पिता कमलताई म्हणाल्या, "पण त्याला सगळं कसं ठाऊक होतं? मी एकटी असते ते, आशीष कॅनडाला ते, बँकेत मुदत ठेव आहे ते. सकाळी मला म्हणाला, आज बुधवार, मच्छीवाली आएगी, दरवाज़ा मत खोलना. मला वाटलं, ज्याला मासेसुद्धा ठाऊक आहेत तो सरकारच असणार."

कप माझ्या हातातच राहिला. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. मी गप्प बसले असते तर कमलताईंना कळलं नसतं. चाळीस वर्षं गप्प बसण्याचंच काम केलं होतं.

"माझ्या ग्रुपातून गेलं, ताई," मी म्हटलं. "गुलाबाच्या फुलाचा एक नंबर आहे. मीच नाक्यावर चित्र लावून त्याला आत घेतला."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लिहिलं मी, जानू. तू नुसता फळा दिलास."

"भर रस्त्यात टांगून दिला," मी म्हटलं. त्यांनी दिलेली सूट मी घेतली नाही.

वैशालीने त्याच दिवशी ग्रुप मोडला. गुलाबाचं फूल तोवर निघून गेलं होतं. आता ती सगळ्यांना वेगवेगळा निरोप पाठवते, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. मी विचारलं, ही सोय आधीपासून होती? म्हणाली, होती. म्हणजे फोनलाही दुसरं फडकं असतं, फक्त ते आपण होऊन टाकावं लागतं.

बाकीचं काकूंनी निस्तरलं. एका संध्याकाळी त्या गेटवर चारचौघांत मोठ्याने म्हणाल्या, "कुठला ग्रुप? माझा फोन तेव्हा दुरुस्तीला होता. त्यावर कोणी अंगठे टाकले कोण जाणे." सगळ्यांनी माना डोलावल्या. गिरगावची माणसं आहेत, कधी काय ठाऊक नसावं ते त्यांना कळतं. आप्पांनी विश्वास ठेवला. ठेवला की ठेवल्यासारखं केलं, ते मी विचारलेलं नाही. पुढच्या बुधवारी ते वाचनालयात गेले. मंगळवारी मला काकूंचा फोन आला होता, दोन जास्त आणा म्हणून.

कमलताईंचं आणि माझं एक ठरलं. दर बुधवारी दार उघडलं की मी विचारायचं, "कालची आहे, चालेल?" त्यांनी मला शिव्या घालायच्या. शिव्या आल्या की सगळं ठीक. चालेल म्हणाल्या की मी वर आप्पांकडे धाव घ्यायची. हे त्यांना इतकं आवडलं की त्या गरजेपेक्षा जास्त शिव्या घालायला लागल्या. एका बुधवारी धक्क्यावर माल आला नाही आणि मी खरंच आदल्या दिवशीची सुरमई नेली. त्यांनी कल्ला उचलला, माझ्याकडे बघितलं आणि अर्धा तास जे काही बोलल्या ते अकराव्या मजल्यावरच्या चारही घरांनी ऐकलं. मी मुकाट्याने डबा उचलला. सामानाच्या लिफ्टमधून खाली येताना मला बरं वाटत होतं.

आता वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, जानूबाईने सगळ्यांचं सगळं छापून टाकलं. तर यातली नावं खरी नाहीत. मजले बदललेत. मुलगा कॅनडाला नाही. मासेसुद्धा बदललेत, कारण मासा सांगितला की घर कळतं. आणि तो प्रश्न इथे लिहिल्यामुळे निकामी झाला, म्हणून आम्ही गेल्या बुधवारी नवीन ठरवला.

तो काय आहे, असं या अंकाच्या बाईंनीही विचारलं. मी म्हटलं, मासे ताजे घेतात.